घरात माणूस एक, ताटं दोन

मिरकरवाड्याच्या बंदरावर बांगडे घ्यायला गेले की माझी ठरलेली कोळीण वाटा पिशवीत सारता सारता विचारते, "बाई, आता कोन मरतंय तुमच्या पुस्तकात?" मी म्हणते, "अजून ठरलं नाही." ती म्हणते, "मग माजा नवरा घ्या." आम्ही दोघी हसतो आणि मी घरचा रस्ता धरते.

मुलींच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. खारे वारे, मतलई वारे फळ्यावर बाण काढून समजावले. पण गावानं माझं नाव पाडलं ते 'भुताच्या बाई'. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा मुख्याध्यापिका माझ्या भूगोलाबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि उरलेला सगळा वेळ त्यांनी भुतांना दिला. माझ्या नावावर सात कादंबऱ्या आहेत आणि सातही भयकादंबऱ्या. त्यातल्या एकीला मोठा पुरस्कार मिळाला. या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की, 'भीती कशी लिहितात ते आमच्या वाचकांना सांगा.' सांगते. पण ते नीट सांगायचं तर त्या पुरस्कारवाल्या कादंबरीचं सांगावं लागेल आणि तिचं सांगायचं तर इंदूकाकीचं. इंदूकाकीशी मी जे वागले ते आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आधी धंद्याचं सांगून घेते.

घाटावरच्या लोकांना वाटतं, कोकणात राहून भुताचं लिहिणं सोपं असणार. उलट आहे. आमच्याकडे भूत म्हणजे वाडीतलाच एक रहिवासी. त्याची जागा ठरलेली, त्याचा मान ठरलेला. आगरात राखणदार असतो, वर्षाचा नारळ दिला की तो माडांकडे लक्ष ठेवतो. नाही दिला तर रुसतो. एका बागायतदारानं माझी पहिली कादंबरी वाचून मला अगदी मनापासून सांगितलं होतं, "तुमच्या त्या भुताला शेवटपर्यंत कोणी नारळच दिला नाही हो. मग ते बिचारं त्रास देणार नाही तर काय करणार?" दोनशे पानं लिहून मी त्या माणसाला घाबरवू शकले नव्हते, उलट त्याला भुताची दया आली होती. मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही.

त्यातून शिकले ते असं. भीती भुतात नसते, ओळखीच्या घरात असते. खोलीतल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, वाचकाला वाटलं पाहिजे की हे आपलंच घर. मग एकच गोष्ट हलवायची. उंबऱ्याशी चपलांचा जोड काढून ठेवलाय, पण दोन्ही डाव्या पायाच्या. बस. त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. दुसरं म्हणजे मी रात्र लिहीत नाही. रात्री वाचक कंबर कसून बसलेला असतो. जेवणं उरकलीत, खळ्यात, म्हणजे अंगणात, ऊन आहे, घरातले आडवे झालेत, अशा भर दुपारी तो बेसावध असतो, तेव्हा त्याला गाठायचं. आणि तिसरं, जे आलंय ते कधी दाखवायचं नाही. दाखवलं की भीती गेली. वर्गात नवी मुलगी येणार म्हटलं की बाकीच्या मुली बिचकून असतात. ती आली, तिनं नाव सांगितलं, की मधल्या सुट्टीत तिचा डबा खातात.

या सगळ्याची परीक्षा घेणारे माझ्या घरातच होते. आमचे हे. एसटीच्या डेपोत वेळापत्रकं लावायचं काम करायचे. वाचनाची आवड शून्य. पण रविवारी सकाळी खवणीवर बसून नारळ खवण्याचं काम त्यांचं असायचं आणि त्या वेळी मी त्यांना नवं प्रकरण वाचून दाखवायची. खवणीचा खरखर आवाज चालू राहिला तर प्रकरण फुकट. खवणी थांबली की मी समासात पेन्सिलीनं 'ख' लिहायची. एका प्रकरणात तीन 'ख' पडले की प्रकरण पास. प्रकाशकांना माझ्या हस्तलिखितातल्या या अक्षरांचा अर्थ बरीच वर्षं कळला नव्हता. त्यांना वाटायचं, बाई 'खरं' किंवा 'खोटं' असं काहीतरी तपासतात.

आता इंदूकाकी.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात मला मतदारयादीचं काम लागलं. शिक्षकांना ते चुकत नाही. खाडीपलीकडची एक वाडी माझ्याकडे आली. तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, पलीकडे उतरायचं, पाणंदीनं चालत जायचं, घरोघरी जाऊन माणसं मोजायची आणि नावं ताडून घ्यायची. वाडीचं नाव इथे देत नाही, ते जिथे द्यायचं तिथे मी नंतर दिलंय. एकदा मी तिथल्या खुणा पुस्तकात दिल्या होत्या, त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

शेवटच्या घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. जांभ्याच्या पाच पायऱ्या, त्यातली तिसरी फुटलेली. खळ्याच्या कडेला फणस. दार निळं, आणि निळं म्हणजे होडीला लावतात तो निळा रंग. पडवीत एक म्हातारी बाई पाटावर बसलेली. तिच्यासमोर वाढलेलं ताट आणि त्या ताटासमोर दुसरं ताट, तेही वाढलेलं. त्याच्यापुढे पाट मांडलेला, पाण्याचा तांब्या भरलेला. मी पायरीवर उभी, अजून तोंडातून शब्द काढलेला नाही, आणि ती म्हणाली, "ये गो. भात निवेल."

मला खरोखर शिरशिरी आली. मी येणार हे त्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हातपाय धुतले, बसले आणि जेवले. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, फणसाची भाजी. जेवताना तिचं नाव विचारलं, वय विचारलं. मग फॉर्म काढला. घरात एकूण माणसं?

"येक," ती म्हणाली.

मी फॉर्मवर एक लिहिलं आणि समोरच्या दोन ताटांकडे बघितलं. तिथेच माझ्या मनात कादंबरी सुरू झाली. दुसरं ताट कुणासाठी मांडलं होतं हे मी विचारलं नाही. विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालेल्या गोष्टीची भीती लिहिता येत नाही. धंद्यातलं हे शहाणपण मला तेव्हा फार मोठं वाटायचं.

कादंबरीचं नाव 'दुसरं ताट'. एका वाडीत एक म्हातारी रोज दुपारी दोन ताटं मांडते. दुसऱ्या पाटावर कुणी येताना कुणालाच दिसत नाही, पण ताट रोज रिकामं होतं. नव्यानं आलेला एक तलाठी एके दुपारी त्या पाटावर जाऊन बसतो, एवढीच गोष्ट. सातव्या प्रकरणात आमच्या ह्यांची खवणी पाच वेळा थांबली आणि शेवटी ते म्हणाले, "बाकीचा नारळ तू खव. मला आत एकट्याला बसवत नाही." नवऱ्याकडून याहून मोठी दाद मला कधी मिळाली नाही. घर मी जसंच्या तसं उचललं होतं. पाच पायऱ्या, फुटलेली तिसरी, फणस, निळं दार. नवं घर रचायची गरजच वाटली नाही. खरं सांगायचं तर आळस केला.

पुस्तक चाललं. पुढच्याच वर्षी पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी भाषणात ताटाच्या प्रसंगाचं फार कौतुक केलं. शाल आणि श्रीफळ मिळालं. श्रीफळ घरी खवलं गेलं. शाल मात्र इंदूकाकीला द्यायची असं मी व्यासपीठावरच ठरवलं होतं. तिच्याच घरावर हे सगळं उभं राहिलं होतं, निदान एवढं तरी करावं.

सुट्टी बघून गेले. काकीनं डोळे बारीक करून बघितलं, मोतीबिंदू वाढला होता, आवाजावरून ओळखलं. दुसरं ताट मांडलेलं होतंच. मी जेवले, शाल दिली. ती शाल गालाला लावून बघत म्हणाली, "माज्या घरावर तू पुस्तक लिवलंस म्हनं. मंदाची पोर वाचीत व्हती. वाडीत सगळ्यांनी आयकलं. माका कोनी वाचून दाखवलं नाय. तू वाच."

मंदा म्हणजे अलीकडच्या घरातली शेजारीण. मधे फक्त कमरेएवढा दगडी गडगा. त्या दिवशी मंदा खळ्यात मिरच्या वाळत घालत होती, पण तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. मला ते खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

मी वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला मी शहाणपणानं वागले. ताटाचा भाग आला की पानं गाळत होते, तलाठ्याच्या बदलीचं, पावसाचं, नदीचं वर्णन वाचत होते. काकी सुपात कुळीथ निवडत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बाय, ताटाचं कुटं गेलं? पोरी सांगत व्हत्या ताटाचं हाय म्हनून. सगळं वाच."

आणि मी वाचलं. आता मला स्वतःशीसुद्धा खोटं बोलवत नाही. मी ते सपाट आवाजात, भूगोलाच्या धड्यासारखं वाचू शकले असते. पण मी ते उत्तम वाचलं. जिथे थांबायचं तिथे थांबले, जिथे आवाज खाली न्यायचा तिथे नेला. सातव्या प्रकरणात काकीचा सुपातला हात थांबला. मला तो थांबलेला हात दिसला आणि मला आनंद झाला. हातात पेन्सिल असती तर मी समासात 'ख' लिहिला असता.

पुस्तक मिटलं तेव्हा काकी म्हणाली, "हुशार हायस." मग तिनं सूप उचलून आत नेलं, कुळीथ अर्धेच निवडून झाले होते. मी तरीतून परत आले ती खुशीतच.

पुढचं जाणं दिवाळीच्या सुट्टीत झालं. साडेबाराला पोचले. पडवीत काकी बसली होती आणि तिच्यासमोर एकच ताट होतं. ताटात सकाळची पेज आणि लोणच्याची फोड. मला बघून ती गडबडीनं उठली, "थांब, तुला मांडते," म्हणाली. मी विचारलं, "काकी, दुसरं ताट?"

तिनं माझ्यासमोर पाट सारला. मग म्हणाली, "नाय मांडत आता. मांडलं की वाटतं, कोन तरी बसलंय."

स्वतःच्याच घरात, जिथे पन्नास वर्षं वावरली तिथे, ती दुपारची भिऊ लागली होती. आणि तिला घाबरवायला दुसरं कुणी आलं नव्हतं. मी पाटावर बसले. तिनेच मग हळूहळू बाकीचं सांगितलं. पुस्तक वाडीत वाचलं गेल्यापासून तिच्याकडे जेवायला कुणी येत नव्हतं. आधी कोण कोण यायचं. पोस्टमन, वीजमीटर बघणारा, काजू गोळा करायला आलेल्या बायका, शाळेतून परतणारी पोरं. दुसऱ्या ताटावर कुणी ना कुणी बसायचंच. आता पोस्टमन पत्र गडग्यावर दगडाखाली ठेवून जायचा आणि पोरांना मंदानं खालच्या वाटेनं जायला सांगितलं होतं. मी शाल घेऊन आले होते तेव्हा त्या ताटावर कित्येक महिन्यांत बसलेली मी पहिली होते. तरीही तोवर काकी ते रोज मांडत होती. मी वाचून दाखवल्यावर तिनं मांडणं सोडलं.

तेव्हा मी तिला तो प्रश्न विचारला, जो दोन वर्षांपूर्वी विचारायचा होता. "काकी, ते ताट कुणासाठी मांडायचीस?"

काकीला प्रश्नच कळला नाही. "कोनासाठी म्हंजे? आमचं घर बारा मानसांचं गो. तो टोप तवाचा, मोठा. येका मानसाचं तांदूळ टाकलं तर बुडाला लागतं, भात होत नाय. दोघांचं टाकलं तर बरा होतो. मग उरला भात, तो टाकायचा काय? येतं कोन तरी. आनि नाय आलं तर संध्याकाळी मी खायचं."

एवढंच होतं. माझ्या दोनशे पानांच्या मागे एक मोठा टोप होता. मी बाराजणांच्या घरातली शेवटची बाई बघितली होती आणि तिच्या ताटात भूत घातलं होतं. मला रडू आलं आणि मी रडले. काकी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत राहिली, "जेव गो बाय, जेव." पेज गार झाली होती, तीच आम्ही दोघींनी वाटून खाल्ली.

निघताना मी मंदाच्या खळ्यात गेले. म्हटलं, "मंदा, पुस्तकातलं सगळं मी मनानं रचलंय. तसं काही नाही." मंदा म्हणाली, "नाय कसं? बाई, तुमी तवा घाबरलाव म्हनूनच लिवलंत ना?" माझ्याच धंद्यातलं तत्त्व मी विसरले होते. कादंबरीत एखादं पात्र 'इथे काही नाही' असं ठासून सांगतं, तेव्हाच वाचकाची खात्री पटते की इथे काहीतरी आहे. मी नाही म्हटल्यानं मंदाच्या घरची पोरं खालच्या वाटेनंसुद्धा पळत जाऊ लागली.

पुढच्या रविवारी सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ते खवणीवर बसले होते. खवणी थांबवून म्हणाले, "तूच सांगत असतेस ना, जे आलंय ते दाखवलं की भीती संपते? मग दाखव." इतक्या वर्षांत माझ्या धंद्याबद्दल ते एवढं एकच बोलले.

त्या रविवारपासून मी दर रविवारी काकीकडे जेवायला जाऊ लागले. पडवीत नाही, खळ्यात फणसाखाली बसून, पाणंदीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. दुसऱ्या ताटावर कोण बसतं ते वाडीनं बघावं म्हणून. बसते ती एक जाडजूड बाई, जी भात दोनदा मागून घेते आणि जेवून झाल्यावर ढेकर देते. पहिले तीन रविवार पाणंद ओसच होती. चौथ्या रविवारी पोस्टमन पत्र द्यायला खळ्यापर्यंत आला. मग एक दिवस गडग्यावरून मंदानं तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, साराची वाटी पुढे केली, पाय मात्र आपल्याच खळ्यात. काकीनं वाटी घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय. हिकडं येऊन चाखून बघ." मीठ बरोबर होतं, मी खाऊन बघितलं होतं. मंदा गडगा ओलांडून आली.

तरी एक गोष्ट सुटेना. मी येणार हे माहीत असलं की काकी ताट मांडायची. रविवारी. बाकीचे सहा दिवस एकच ताट. कोण येणार हे ठाऊक नसताना मांडलेल्या ताटाची तिला अजून भीती वाटत होती. आणि तिचं खरं ताट तेच होतं.

ते ताट परत मांडून दिलं ते एका वाचकानं. चिपळूणला पूर नवा नाही. वाशिष्ठी नदी बाजारात शिरली की माणसं माळ्यावर जाऊन बसतात. असाच एक स्टेशनरीचा दुकानदार माळ्यावर अडकला होता आणि वेळ जावा म्हणून त्यानं 'दुसरं ताट' वाचायला घेतलं. शेवटची सोळा पानं उरली असताना पुस्तक त्याच्या हातून निसटून पाण्यात पडलं. पाणी ओसरल्यावर, दुकान साफ झाल्यावर, हा गृहस्थ माझा पत्ता शोधत रत्नागिरीत माझ्या दारात हजर झाला. "बाई, पुढे काय झालं? तलाठी बसला का पाटावर? पुरातसुद्धा मला तीच काळजी लागून राहिली होती."

मी त्याला पुस्तकाची प्रत देऊ शकले असते, घरात होत्या. पण काय सुचलं कोण जाणे, मी त्याला तरीचा रस्ता सांगितला. म्हटलं, "शेवट तिथल्या काकींना विचारा. त्यांच्याच घरातली गोष्ट आहे. जेवणाच्या वेळी जा." तो बुधवार होता.

पुढचं मला काकीनं सांगितलं. ती पेज घेऊन बसली होती आणि एक अनोळखी माणूस पायरीवर येऊन उभा राहिला. फुटक्या पायरीकडे बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. काकी त्याला घाबरली आणि तो काकीला. मग तो म्हणाला, "आजी, मी चिपळूणचा. त्या तलाठ्याचं पुढे काय झालं?" आणि काकीला हसू फुटलं. तिनं त्याला बसवलं, चूल पेटवली, टोप चढवला, दोघांचे तांदूळ टाकले. भात होईपर्यंत त्यानं पुराचं सांगितलं. आणि जेवताना काकीनं त्याला शेवट सांगितला. माझ्या पुस्तकातला शेवट तिनं माझ्याकडूनच ऐकला होता, तो तिनं बाजूला ठेवला.

"मी सांगितलं त्याला," काकी मला म्हणाली, "व्हतं कोन तरी. लांबनं आलेलं, उपाशी. रोज येऊन जेवायचं, लाजंनं दिसायचं नाय. मग तलाठी बसला बाजूला. दोगं जेवली. आनि जाताना त्यानं आपलं ताट घासून ठेवलं. मग कदी आलं नाय, पोट भरलं त्याचं."

तो दुकानदारही जाताना आपलं ताट घासून ठेवून गेला होता. दुसऱ्या दिवसापासून काकीनं दोन ताटं मांडायला सुरुवात केली. माझ्या शेवटाला पुरस्कार मिळालाय, पण तिचा शेवट जास्त चांगला आहे हे मी ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी कबूल केलं.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघत होती. मी प्रकाशकांना एक पान पाठवलं, कादंबरी सुरू होण्याआधी छापायला: 'या पुस्तकातलं घर खरं आहे. तरीतून उतरल्यावर पाणंदीनं सरळ चालत जा. निळ्या दाराचं शेवटचं घर. तिथे दुपारी साडेबाराला दुसरं ताट मांडलेलं असतं. ते तुमचं आहे.' खाली तरीचं आणि वाडीचं नाव. प्रकाशकांचा पुण्याहून फोन आला. "अहो बाई, भयकादंबरीच्या पहिल्याच पानावर जेवणाचं आमंत्रण? सगळा पचका होईल." मी म्हटलं, छापायचं तर या पानासकट. दोन दिवसांनी त्यांचा परत फोन. "आमच्या बायकोनं वाचलं. ती म्हणते, अख्ख्या पुस्तकात घाबरवणारं हेच पान आहे. छापतो." धंदा कुणाला सुटत नाही.

लोक येऊ लागले. दाभोळहून, देवरुखाहून, मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी, कॉलेजच्या मुली घोळक्यानं. पुस्तक काखेत घेऊन, फुटकी पायरी ओळखून हरखून जात, जरासं घाबरत. घाबरलेली माणसं भात जास्त खातात, असं काकीचं निरीक्षण होतं. फार जण आले की मंदा भाजी घेऊन यायची. कुणी शेवट विचारला तर काकी तिचा शेवट सांगायची. माझ्याकडे वाचकांची पत्रं यायची की, 'आजींनी सांगितलेला शेवट पुस्तकात का नाही?' उत्तर द्यायला मला लाज वाटायची, पण मी प्रत्येकाला उत्तर दिलं.

काकी अशी आणखी चार वर्षं जेवू घालत होती. मग एका श्रावणात दोन दिवस तापाचं निमित्त होऊन गेली. शेवटी मंदाच होती जवळ. मला निरोप मिळाला तेव्हा तरीची होडी बंद होती, पाऊस फार होता. मी पोचले ते तिसऱ्या दिवशी. निळं दार ओढून घेतलेलं होतं. तिचा एक पुतण्या मुंबईहून येऊन गेला आणि दाराला कुलूप लागलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तिसऱ्या आवृत्तीचा फोन आला. प्रकाशक हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते पहिलं पान आता काढायचं ना?" मी म्हटलं, दोन दिवस द्या. पान काढायचं हे उघडच होतं. कुलूप लावलेल्या घरी लोकांना जेवायला बोलावणं म्हणजे मी पुन्हा भूतकथाच लिहिल्यासारखं झालं असतं. पण काढण्याआधी एकदा वाडीत जाऊन यावं, त्या पायऱ्यांवर बसून यावं असं वाटलं.

पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. काकीच्या खळ्यात पाला पडला होता. तिसऱ्या पायरीवर मी जरा वेळ बसले. गडग्यापलीकडून हाक आली, "बाई, हिकडं या. भात निवेल."

मंदाच्या पडवीत पानं वाढलेली होती. तिच्या घरची पाच माणसं जेवत होती आणि सहावं ताट वाढून ठेवलेलं होतं. मी येणार हे तिला ठाऊक नव्हतं. आतल्या चुलीवर काकीचा तो मोठा टोप होता, मी तो कडेच्या पोच्यावरून ओळखला. "पुतन्याकडनं मागून घेतला," मंदा म्हणाली. "आमच्या घरच्या टोपात पाचच मानसांचा भात मावतो."

मी जेवले. जेवून झाल्यावर तिला सांगितलं की पुस्तकातलं ते पान आता काढतेय. मंदा खरकटी काढत होती, ती थांबली.

"कशाला काडताव? परवा दोघं आली व्हती, देवरुखची. कुलूप बघून परत चालली व्हती, मी हाक मारली. जेवून गेली. पान ऱ्हाऊंदे, बाई. येनारं मानूस यायचंच."

घरी येऊन मी प्रकाशकांना फोन लावला. म्हटलं, पान राहू द्या. 'निळ्या दाराचं शेवटचं घर' हे खोडा आणि तिथे 'निळ्या दाराच्या अलीकडचं घर' असं करा. वेळ तीच, साडेबारा. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि ते शेवटचं वाक्य, 'ते तुमचं आहे'?"

मी म्हटलं, ते आहे तसंच राहू द्या.